अभ्यासिकेचं वायफाय: व्हॉट्सॲप चालतं, साइट उघडत नाही, आणि तेही कधी कधीच

गोखलेरोडवाली | सोमवार, रात्री १०:२०

मंडळी, आधीच सांगते, मी हिशेबनीस आहे, कॉम्प्युटरवाली नाही. ठाण्यात नौपाड्याला आमच्या वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर अभ्यासिका चालते. ४८ खुर्च्या, सकाळी सात ते रात्री अकरा. मुलं एमपीएससीची, बँकेच्या परीक्षांची, दोन-चार सीएची. संध्याकाळी सहानंतर देखरेखीला मी बसते, बिनपगारी.

वायफाय फुकट आहे. पासवर्ड टाकला की एक पान येतं, त्यात मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यायचा. वर्षभर कोणाची तक्रार नव्हती. गेले तीन आठवडे मात्र डोक्याला ताप झालाय. एकाचं व्हॉट्सॲप व्यवस्थित, पण गुगल उघडत नाही. शेजारच्याचं सगळं उघडतं. तिसऱ्याची साइट पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा दाबलं की लगेच. पडद्यावर 'सर्व्हरचा आयपी ॲड्रेस सापडला नाही' अशा अर्थाचं काहीतरी येतं. संध्याकाळी सातनंतर तर कहरच. मुख्य डबा बंद करून चालू केला की त्या रात्रीपुरतं बरं असतं.

केबलवाल्या मुलाला तीनदा बोलावलं. तो येतो, स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट दाखवतो आणि 'मॅडम, इकडून सगळं ओके आहे' म्हणून जातो. खोटं बोलत नाही, त्याच्या फोनवर खरंच ओके असतं!

परवा एका मुलीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. फी भरायचं पान उघडेना. शेवटी मी तिला माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. हे रोज कसं जमणार?

धोंडोपंत | सोमवार, रात्री १०:४१

वायफाय लागतंच कशाला? आम्ही मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून पाठांतर केलं. आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात डेटा आहे.

गोखलेरोडवाली | सोमवार, रात्री १०:४८

पंत, चहूबाजूंनी इमारती, आत रेंजची एक काडी. आणि रोजचे दीड जीबी व्हिडिओ लेक्चरमध्ये दुपारीच संपतात. तलावाच्या कठड्यावर आता बसून बघा, हॉर्नमध्ये पाठांतर होतंय का ते.

शून्यप्रहर | सोमवार, रात्री ११:०२

सोप्पंय. डीएनएस गंडलंय, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारी यंत्रणा. प्रत्येकाला वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस १.१.१.१ टाकायला सांगा. विषय संपला.

पॅकेटपंढरी | सोमवार, रात्री ११:३५

(महापेला नाइट शिफ्टला आहे, सर्व्हर शांत आहेत तोवर लिहितो.)

शून्यप्रहर, डीएनएसचा संशय बरोबर, औषध चुकीचं. ओटीपीचं पान असलेल्या नेटवर्कवर लॉगिन होईपर्यंत बाहेरचं जवळपास सगळंच बंद असतं, बाहेरचा डीएनएससुद्धा. फोनवर हाताने १.१.१.१ टाकलं की तो लॉगिनच्या पानाचं नावसुद्धा बाहेरच्यालाच विचारत बसतो. बाहेरचा दरवाजा बंद, त्यामुळे पानच येत नाही. मग मुलं म्हणणार, आता तर काहीच चालत नाही.

त्यात १.१.१.१ ची वेगळीच गंमत आहे. क्लाउडफ्लेअरची ही सगळ्यांना खुली डीएनएस सेवा सुरू झाली १ एप्रिल २०१८ ला. त्याआधी कित्येक वर्षं हा आकडा कोणी वापरत नाही असं धरून लोक चालायचे, आणि वायफाय कंट्रोलरमध्ये लॉगिनच्या पानाचा पत्ता म्हणून सर्रास १.१.१.१ टाकायचे. तशी जुनी मांडणी असेल तिथे तुमचा प्रश्न इंटरनेटपर्यंत जातच नाही, त्याच इमारतीतल्या डब्यापाशी थांबतो.

ताई, तुमच्या लिहिण्यात मला दोन गोष्टी दिसतात. व्हॉट्सॲप चालतं म्हणजे लाइन जिवंत आहे. त्याने आधीच जोडून ठेवलेली जोडणी चालू असते, नव्याने नाव विचारावं लागत नाही. ब्राउझरला मात्र दर नव्या साइटला 'या नावाचा आकडा काय?' हे कोणालातरी विचारावंच लागतं. आणि 'कधी चालतं, कधी नाही' असं असतं तेव्हा बहुतेक वेळा उत्तर देणारे एकापेक्षा जास्त असतात. कोणाला विचारलं गेलं त्यावर निकाल ठरतो. केबलवाल्याचा फोन चांगल्याला विचारत असेल तर त्याला तुमचा आजार जन्मात दिसणार नाही.

उद्या एवढं कराल का:

साइट उघडत नसेल तेव्हा त्याच फोनवर ब्राउझरमध्ये नाव न टाकता नुसता आकडा टाका, १.१.१.१. (हो, तोच! पण चाचणीपुरता, सेटिंगमध्ये नाही.) पान आलं तर लाइन ठीक, नावांचा घोळ. मग वायफायच्या नावासमोरच्या चक्रावर दाबून आयपी ॲड्रेस (फोनचा स्वतःचा आकडा), गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस हे तीन आकडे लिहून घ्या. आयफोनवर निळ्या 'आय'वर दाबायचं. दोन-तीन बिघडलेले आणि दोन-तीन चांगले फोन घ्या. कोण कुठे बसला होता तेही लिहा.

आणि एक निरीक्षण. चूक लगेच येते की गोल गोल फिरून येते? लगेच आली तर कोणीतरी 'असं नाव नाही' असं उत्तर दिलंय. फिरून फिरून आली तर कोणी उत्तरच दिलेलं नाही. दोन्हींची मुळं वेगळी असतात.

माझा अंदाज आत्ताच सांगून ठेवतो: संध्याकाळची गर्दी. छोट्या राउटरमध्ये बऱ्याचदा डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम हे काम करतो. त्यात एका वेळी पुढे पाठवलेल्या आणि उत्तराची वाट बघणाऱ्या प्रश्नांची ठरलेली मर्यादा १५० असते. ४० फोन एकदम उठले आणि पुढून उत्तरं उशिरा यायला लागली की ती भरते, मग नवीन प्रश्न सरळ परत पाठवले जातात.

घणसोलीचा बापू | मंगळवार, सकाळी ८:१४

ट्रान्स हार्बर लोकलला उभा राहून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझा अनुभव: वाशीला एका मॉलमध्ये वायफाय जोडलं की माझ्या फोनवर काहीच उघडायचं नाही, बायकोच्या फोनवर सगळं. दोन महिने मी त्या मॉलला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की जाहिराती दिसू नयेत म्हणून मी कधीतरी 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये एक नाव टाकून ठेवलं होतं. ते बंद करताच चालू. ताईंच्या मुलांनीही तेच केलं असेल.

पॅकेटपंढरी | मंगळवार, सकाळी ८:४०

बापू, चांगला मुद्दा. ही सोय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. त्यात तीन पर्याय असतात. 'ऑटोमॅटिक' असेल तर फोन आधी कुलूपबंद रस्त्याने विचारून बघतो, नाही जमलं तर साध्या रस्त्याने जातो. पण तुम्ही एखाद्या सर्व्हरचं नाव टाकलंत की तो हट्टी होतो: त्यालाच विचारणार, तेही ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरूनच, म्हणजे त्या एकाच दारातून. बऱ्याच सार्वजनिक नेटवर्कांवर ८५३ बंद असतो. मग फोन 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं सांगून बसून राहतो.

पण तुमचा फोन तिथे कधीच चालत नव्हता. ताईंचे फोन कधी चालतात, कधी नाही. आजार वेगळा असावा. तरी बघून घ्यायला हरकत नाही.

कोपरखैरणेची काकू | मंगळवार, दुपारी १:३०

मधेच विचारते, रागावू नका. उत्तर देणारा कोणीही असू शकतो म्हणताय, मग त्याने बँकेच्या नावाला भलताच आकडा दिला तर? स्टेशनात, दवाखान्यात मी बिनधास्त बँकेचं ॲप उघडते.

पॅकेटपंढरी | मंगळवार, दुपारी १:५२

काकू, प्रश्न अगदी योग्य आहे. देऊ शकतो. किंबहुना लॉगिनचं पान दाखवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी हेच करतात: काहीही विचारा, उत्तर स्वतःचाच आकडा. पण त्या आकड्यावरच्या यंत्राला बँकेचं प्रमाणपत्र दाखवता येत नाही. म्हणून ब्राउझर लाल पान दाखवतो आणि बँकेचं ॲप जोडणीच नाकारतं. तुम्ही फक्त त्या लाल पानावरचं 'तरीही पुढे जा' दाबू नका. सार्वजनिक वायफायवर ते बटण तुमच्यासाठी नाहीच असं समजा.

याच कारणाने कधी कधी लॉगिनचं पानच येत नाही. सुरक्षित साइटच्या मध्ये कोणाला शिरता येत नाही, मग पोर्टलवाला, म्हणजे लॉगिनचं पान दाखवणारासुद्धा, शिरणार कसा? म्हणून फोन जोडल्या जोडल्या गुपचूप एक साधी, बिनकुलपाची हाक मारून बघतो. अँड्रॉइडला त्यावर २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर हवं असतं. त्याऐवजी दुसरंच काही आलं की त्याला कळतं, इथे दारात कोणीतरी उभा आहे, आणि मग 'साइन इन करा' येतं. ते आलं नाही तर ब्राउझरमध्ये 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम' (neverssl.com) उघडा. ती साइट मुद्दाम कुलपाशिवाय ठेवलेली आहे.

रिकामटेकडा | मंगळवार, दुपारी ३:१०

अवांतर: या नावांच्या भानगडीचा जन्म १९८३ चा. पॉल मॉकापेट्रिस यांनी ही व्यवस्था मांडली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलीत असायचे, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सगळ्यांचे फ्लॅट नंबर लिहावेत तसं. सोसायटीचं शहर झालं आणि बोर्ड पुरेना. संपलं अवांतर.

धोंडोपंत | मंगळवार, दुपारी ३:२५

बोर्डच बरा होता.

गोखलेरोडवाली | मंगळवार, रात्री ११:२०

आत्ताच कुलूप लावून घरी आले. पंढरीदादा, सांगितलंत तसं केलं. वहीत रकाने आखून, माझ्या सवयीप्रमाणे.

आकडा टाकून बघितला. सव्वासहाला एका मुलाची साइट अडली होती, तेव्हा १.१.१.१ लगेच उघडलं. म्हणजे तुमच्या भाषेत लाइन ठीक. सातनंतर मात्र खिडकीकडच्या रांगेत तेही उघडेना! चूक लगेच येत नाही. गोल गोल फिरतं, मी मनात वीसपर्यंत मोजते, मग येते.

सात फोन तपासले. चार बरे, तीन रडे. बऱ्या फोनांचा आयपी १९२.१६८.१० ने सुरू होतो, गेटवे १९२.१६८.१०.१ आणि डीएनएसही तोच. रड्या तिघांचा १९२.१६८.१ ने सुरू होतो, गेटवे १९२.१६८.१.१, आणि डीएनएस दोन: पहिला एक लांबलचक आकडा (तो इथे देऊ की नको कळेना म्हणून देत नाही), दुसरा ८.८.८.८. हे तिघंही खिडकीच्या रांगेत. त्यातल्या एकाला मी दाराजवळ बसवलं, वायफाय बंद करून चालू करायला लावलं, तर त्याचे आकडे बऱ्यांसारखे झाले आणि फोनही सुधारला. त्याला वाटलं मी मंत्र टाकला.

केबलवाल्या मुलाकडून मुख्य डब्याच्या नोंदींचा फोटोही मागवला. तुम्ही म्हणालात ती प्रश्नांची मर्यादा भरल्याची ओळ त्यात कुठेच नाही.

पॅकेटपंढरी | बुधवार, रात्री १२:१५

ताई, दंडवत. आमच्याकडे पगारी लोक इतकं स्वच्छ लिहून आणत नाहीत.

माझा गर्दीचा अंदाज सपशेल चुकला. तुमच्याकडे एकाच नावाची दोन नेटवर्कं आहेत. कुठेतरी दुसरा राउटर आहे. तो खिडकीकडच्या फोनांना स्वतःचे आकडे वाटतोय आणि त्यांच्या हातात डीएनएसचे वेगळे पत्ते देतोय. आहे का असा कुठे?

गोखलेरोडवाली | बुधवार, रात्री १२:२१

नाही हो. एकच डबा आहे, ऑफिसच्या कपाटावर. अभ्यासिकेतली प्रत्येक खिळा-चूक मला माहीत आहे.

गोखलेरोडवाली | बुधवार, सायंकाळी ६:३५

आहे.

पडद्यामागे, खिडकीच्या चौकटीवर. पांढरा, दोन अँटेनांचा. कपाटामागून एक वायर भिंतीच्या कडेने तिथपर्यंत नेली आहे, वर रंगीत चिकटपट्टी, म्हणून लक्षात आली नाही. चौकशी केली. आमच्या एका जुन्या सभासदांनी घरचं कनेक्शन बदललं, तेव्हा त्यांचा जुना राउटर भेट दिला. खिडकीकडे रेंज कमी येते म्हणून दोन मुलांनी मिळून तो बसवला. नाव आणि पासवर्ड मुद्दाम आपल्यासारखाच ठेवला, कोणी परत परत विचारायला नको म्हणून. हेतू किती चांगला! कधी बसवला? तीन आठवड्यांपूर्वी.

पॅकेटपंढरी | बुधवार, सायंकाळी ७:०५

वायर कुठल्या भोकात आहे? एक भोक वेगळं, बहुतेक निळं असतं. बाकीची चार एका रंगाची.

गोखलेरोडवाली | बुधवार, सायंकाळी ७:०९

निळ्या.

पॅकेटपंढरी | बुधवार, सायंकाळी ७:५०

मग सगळं जुळलं. जरा लांबण लावतो, कारण इथे एक नाही, दोन बिघाड एकावर एक बसलेत.

पहिला बिघाड. त्या सभासदांच्या घरी जुन्या कंपनीच्या माणसाने राउटरच्या डीएचसीपीच्या (फोनांना आकडे वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर आपल्या कंपनीचा डीएनएस हाताने लिहून ठेवला असणार. मुलांनी नाव-पासवर्ड बदलला, पण राउटर पुसून कोरा केला नाही. त्यामुळे खिडकीकडे येणाऱ्या प्रत्येक फोनला तो सांगतो, 'आधी यांना विचार'. आणि ते उत्तर देत नाहीत. कंपन्यांचे डीएनएस साधारणपणे स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात. सगळ्यांसाठी उघडे ठेवले तर लोक त्यांच्या आडून तिसऱ्यावरच हल्ले करतात. तुमची लाइन दुसऱ्या कंपनीची, म्हणून तुम्ही परके.

आता पहिला गप्प बसला की पुढे काय करायचं, हे प्रत्येक यंत्र आपापल्या परीने ठरवतं. लिनक्सची जुनी पद्धत दर प्रश्नाला पाच सेकंद वाट बघून मगच दुसऱ्याकडे जाते. अँड्रॉइड कोण उत्तर देत नाही याची नोंद ठेवतं, त्याला काही काळ बाजूला करतं, आणि पुन्हा कधीतरी त्यालाच विचारायला जातं. म्हणून एकाच रांगेत एकाचं चालतं, दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं दुसऱ्या दाबण्याला. दुसरा सर्व्हर, ८.८.८.८, म्हणजे गुगलचा सगळ्यांना खुला डीएनएस, बिचारा सगळ्यांना सांभाळून घेतोय, म्हणून बिघाड पूर्णपणे दिसत नाही. खरं तर तो गप्प बसणारा पहिला एकटाच असता तर बरं झालं असतं, तीन आठवडे वाया गेले नसते.

एखाद्या लॅपटॉपवर खात्री करून घ्या. खिडकीत बसून कमांडच्या काळ्या खिडकीत एनएसलुकअप (नावाचा आकडा विचारायची आज्ञा) लिहायचं, मग साइटचं नाव, मग त्या लांबलचक सर्व्हरचा आकडा. नंतर तेच ८.८.८.८ ला.

सातनंतर सगळंच का मरतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या वेळी १.१.१.१ पण उघडत नाही म्हणता, म्हणजे तेव्हा निव्वळ नावांचा घोळ नाही, लाइनच अडते.

खिडकीतला | बुधवार, रात्री ८:३०

नमस्कार. मी याच अभ्यासिकेतला. मावशींनी धागा दाखवला म्हणून खातं उघडलं. लॅपटॉपवर केलं. पहिल्या सर्व्हरला: 'डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट, टाइमआउट वॉज २ सेकंड्स', असं चारदा. ८.८.८.८ ला: लगेच उत्तर.

अजून एक सांगायचंय, कामाचं आहे की नाही माहीत नाही. खिडकीच्या रांगेत आम्हाला ओटीपी मागतच नाही. मी सकाळी सातला सगळ्यांत आधी येतो, तेव्हा मला मागतो. नंतर येणाऱ्यांना नाही. आम्हाला वाटलं वाचनालयाने सोय केली.

पॅकेटपंढरी | बुधवार, रात्री ८:४४

!!!

ताई, तुमच्या पोर्टलवर एकदा ओटीपी टाकला की किती तास चालतं?

गोखलेरोडवाली | बुधवार, रात्री ८:४६

बारा. पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय.

अगं बाई. सकाळी सात अधिक बारा.

पॅकेटपंढरी | बुधवार, रात्री ९:१०

सायंकाळचे सात. मी 'गर्दी गर्दी' करत बसलो आणि उत्तर घड्याळात होतं.

वायर निळ्या भोकात असल्यामुळे पांढरा राउटर आपल्यामागचे सगळे फोन झाकून टाकतो. मुख्य डब्याला तिथे एकच ग्राहक दिसतो, खुद्द तो राउटर. सकाळी पहिल्याने ओटीपी टाकला की पूर्ण रांगेला दार उघडतं. सातला ती मुदत संपते आणि पूर्ण रांगेचं दार एकदम बंद होतं. फोनांना वाटत असतं आपण अजून जोडलेलेच आहोत. प्रश्न विचारतात, दोन्ही सर्व्हरांकडून उत्तर नाही. कोणाच्या तरी फोनवर 'साइन इन' येत असेल, तो कटकट म्हणून सारून टाकत असेल. मुख्य डबा बंद-चालू केला की सगळ्या मुदती पुसल्या जातात, कोणीतरी नव्याने ओटीपी टाकतो, आणि ताईंना वाटतं डबा चालू-बंद करण्यात जादू आहे.

खिडकीतला, मित्रा, हलके घे, पण एक लक्षात आलं का? ओटीपी घेतात तो कोणी काय केलं याची नोंद नंबरावर राहावी म्हणून. तीन आठवडे तुझ्या रांगेने दिवसभर जे जे पाहिलं, ते सगळं तुझ्या मोबाइल नंबरावर जमा आहे.

खिडकीतला | बुधवार, रात्री ९:१३

😳 माझ्या शेजारी एक जण दिवसभर क्रिकेट बघतो.

शून्यप्रहर | बुधवार, रात्री ९:२०

+१, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझं १.१.१.१ मागे घेतो.

पॅकेटपंढरी | बुधवार, रात्री ९:३५

आता उपाय. पांढऱ्या राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरा, कोरा होईल. मग लॅपटॉप त्यालाच जोडून त्याचं पान उघडा. 'ॲक्सेस पॉइंट मोड' (आकडे न वाटता नुसतं वायफाय पसरवायचं) असा पर्याय असेल तर तोच निवडा, बाकी काही करू नका. नसेल तर डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.२ करा (हा आकडा मुख्य डबा दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, ते केबलवाल्याला विचारून), आणि वायर निळ्यातून काढून बाकीच्या चारपैकी एकात घाला. क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी चालू ठेवून वायर हलवलीत तर तो अख्ख्या अभ्यासिकेला आकडे वाटायला लागेल, आणि मग दाराजवळचेही रडतील.

नाव आणि पासवर्ड तोच ठेवा, दोन्हीकडे एकच आकडे वाटणारा असला की ते चालतं. शेवटी मुलांना फोनवर ते नेटवर्क एकदा 'विसरा' करायला सांगा, जुने आकडे चिकटून राहायला नकोत.

कोपरखैरणेची काकू | बुधवार, रात्री १०:०२

मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. वॉचमनची एजन्सी बदलली, पण मागच्या गेटला जुन्या एजन्सीचा माणूस महिनाभर बसूनच होता. पाहुण्याने विचारलं की म्हणायचा, 'मी या बिल्डिंगचा नाही'. आणि उठून जातही नव्हता!

पॅकेटपंढरी | बुधवार, रात्री १०:०६

काकू, उद्यापासून नवीन पोरांना हेच सांगणार.

गोखलेरोडवाली | पुढचा मंगळवार, रात्री ११:०५

उशीर झाला, माफ करा. ऑडिट होतं.

गुरुवारी खिडकीतल्या मुलाने आणि केबलवाल्याने मिळून केलं. 'ॲक्सेस पॉइंट' पर्याय नव्हता, म्हणून लांबचा रस्ता. पहिल्या प्रयत्नात त्यांनी नेमकी वायर आधी हलवली, आणि पंधरा मिनिटं सगळ्यांचंच गेलं. दादा, तुम्ही लिहिलं होतंत, मी वाचूनही दाखवलं होतं. असो.

तेव्हापासून पाच दिवस रोज सात वाजता वही घेऊन रांगेतून फिरते. सगळ्यांचे आकडे १९२.१६८.१० चेच. शनिवारी एका मुलीचा फोन अडला, तो बापूंच्या आजाराचा निघाला, प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिरातबंदीचं नाव. 'ऑटोमॅटिक' केलं, चालला. त्याशिवाय नावाची तक्रार एकही नाही.

तक्रारी संपल्या असं मात्र नाही. खिडकीवाले म्हणतात, आम्हाला आता ओटीपी का मागतो, आधीचं चांगलं होतं. एका आयफोनवाल्याला तर रोज मागतो.

पॅकेटपंढरी | पुढचा मंगळवार, रात्री ११:२०

आयफोनवाल्याला त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'खासगी वायफाय पत्ता' कसा ठेवलाय ते बघायला सांगा. तो बदलता ठेवला असेल तर पोर्टलला अधूनमधून नवाच फोन आल्यासारखं वाटतं. तुमच्या नेटवर्कपुरता स्थिर ठेवला की पुरे. पण रोज सकाळी एकदा सगळ्यांनाच मागणार, मुदतच बारा तासांची आहे.

धोंडोपंत | पुढचा मंगळवार, रात्री ११:२८

म्हणजे राउटर देणगी देताना आतला मजकूर पुसून द्यावा. माझ्याकडे दोन पडलेत. पाठवू का?

गोखलेरोडवाली | पुढचा मंगळवार, रात्री ११:३१

पंत, पुस्तकं पाठवा.

पांढऱ्या राउटरच्या निळ्या भोकावर मी चिकटपट्टी लावली आहे आणि वर लिहिलंय, 'यात वायर घालू नये. विचारायचं असल्यास मावशींना विचारा.' आज बघते तर कोणीतरी खाली पेनाने लिहून ठेवलंय, 'मावशींनी उत्तर न दिल्यास ८.८.८.८ ला विचारा.' अक्षर ओळखीचं आहे. उद्या सकाळी सातला जाते.